झुरळ पाणी कुठे पितं?

दोस्तांनो, झुरळावर चप्पल उगारली आणि ते सटकन निसटलं, असं तुमच्या घरी किती वेळा झालंय? तुमचा नेम वाईट नाही, झुरळाची तयारी जबरदस्त आहे. त्याच्या पाठीमागच्या टोकाला दोन छोटे काटे असतात आणि त्यांवर अगदी नाजूक केस. चप्पल खाली येताना पुढची हवा ढकलते. ती झुळूक या केसांना आधीच कळते आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास झुरळ वळून पळायला लागतं. मोठं लालसर झुरळ एका सेकंदात दीड मीटर धावू शकतं. पूर्ण वेगात असलं की सहापैकी फक्त मागच्या दोन पायांवर!

आपल्या बीड जिल्ह्यातून बालाघाटचा डोंगर जातो ना, त्याचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. तेव्हाही झुरळांचे पूर्वज पृथ्वीवर होतेच. डायनासोर संपले, झुरळं टिकली. आज जगात त्यांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बहुतेक रानात, पालापाचोळ्यात राहतात, तो कुजवून मातीत मिसळायला मदत करतात आणि आपल्या वाटेलाही जात नाहीत. घरात घुसणाऱ्या जाती जेमतेम तीसेक.

आपल्याकडे मुख्यतः दोन भेटतात. पहिलं मोठं, चार सेंटीमीटरच्या आसपास लांब, लालसर तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर पिवळट कडा असलेलं. हे नालीतून, मोरीच्या जाळीतून वर येतं. दुसरं लहान, दीडेक सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी. त्याच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. ते ओट्याखाली, गॅसच्या शेगडीमागे, फ्रिजच्या मोटरजवळच्या उबेत राहतं. शास्त्रज्ञ याला जर्मन झुरळ म्हणतात. पण १७ देशांतल्या २८१ झुरळांचे डीएनए तपासल्यावर २०२४ साली कळलं, की ते मूळचं आपल्याच बाजूचं, भारत किंवा म्यानमारमधलं! सुमारे २१०० वर्षांपूर्वी ते रानातल्या जातीपासून वेगळं झालं आणि माणसांच्या सामानातून जगभर पसरलं.

कधी पांढरंशुभ्र झुरळ दिसलं तर दचकू नका, ती तिसरी जात नव्हे. झुरळ वाढताना जुनी कात टाकतं आणि नवी कात काही तासांत गडद होते. तेवढ्या वेळात ते तुम्हाला दिसलं, इतकंच.

आता सगळ्यात मजेशीर गोष्ट. झुरळ नाकाने श्वास घेत नाही, त्याच्या अंगाच्या बाजूंना बारीक छिद्रं असतात. त्यामुळे डोकं तुटलं तरी ते काही दिवस जिवंत राहू शकतं. शेवटी मरतं ते बहुतेक वेळा तहानेनं, कारण पाणी प्यायला तोंडच उरत नाही! लहान झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर, काहीही न खाता, महिनाभर तग धरते. पाणी तोडलं तर दोन आठवडे काढणंही तिला जड जातं.

म्हणून मला वाटतं, झुरळ काय खातं यापेक्षा ते पितं कुठे, हे आधी शोधावं. आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळे प्रत्येक घरात हंडे, टिपाडं, टाक्या भरलेल्या असतात. आपण इतक्या कष्टानं साठवलेलं पाणी झुरळालाही मिळतं. टिपाडाखालची ओल, हंड्याच्या बुडाशी साचलेले थेंब, रात्रभर खरकट्यात भिजणारी भांडी, ठिबकणारी तोटी. झोपायच्या आधी एवढी जागा फडक्याने कोरडी करायची आणि मोरीच्या जाळीवर झाकण ठेवायचं. टिपाडावर झाकण हवंच, त्याने डेंग्यूचे डासही अडतात.

त्याआधी पाहणी करायची असेल तर एक युक्ती सांगतो. झुरळाच्या डोळ्यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा आणि दिवे मालवून अर्ध्या तासाने आईबाबांसोबत स्वयंपाकघरात जा. झुरळं कुठून येतात, कुठे जातात, शांतपणे बघता येतं. दिवसा कपाटाच्या कोपऱ्यात चहाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण दिसले तर ती झुरळाची विष्ठा, म्हणजे लपायची जागा जवळच आहे. विष्ठेचे आणि टाकलेल्या कातीचे कण हवेत मिसळून काही मुलांना दम्याचा त्रास होतो, तेव्हा ही जागा मोठ्या माणसांनी ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी झाडू नये.

आणि औषध? लहान भावंडं झुरळांच्या खडूला पाटीवरचा खडू समजून तोंडात घालू शकतात. फवारा अन्नावर उडतो. औषधाचं काम मोठ्यांचंच. त्यातही झुरळ हुशारी दाखवतं. काही औषधांत गोडी म्हणून ग्लुकोज घालत. अमेरिकेतल्या संशोधकांना २०१३ साली दिसलं, की काही लहान झुरळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या बदलानं ग्लुकोज चक्क कडू लागू लागलंय, म्हणून ती त्या औषधाला तोंडच लावत नाहीत!

ऊसतोडीवरून बिऱ्हाड परत आलं, किंवा बाजारातून खोकी, पोती आली, की ती घरात नेण्याआधी अंगणात उन्हात झटकून घ्या. फटीफटीत गडद तपकिरी, एखाद्या सेंटीमीटरची थैली चिकटलेली असेल तर ती अंड्यांची. मोठ्या झुरळाच्या थैलीत पंधराएक अंडी असतात, लहानाच्या थैलीत तीस-चाळीस. थैलीचं कवच इतकं पक्कं, की फवारा सहसा आत पोचत नाही. अंडी फुटायला महिना-दीड महिना लागू शकतो. म्हणून एकदा घर स्वच्छ झालं तरी दीड महिन्याने लाल बॅटरी घेऊन पुन्हा पाहणी करा, आणि या वेळी किती दिसली ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.