गुळवेल : लावावी आणि आवरावी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत आज बाग म्हणजे बहुधा इमारतीमागची दहा हातांची पट्टी, कुंपणाची भिंत आणि भिंतीलगतचा एखादा आंबा वा कडुनिंब. एवढ्या जागेत काय लावावे, असा प्रश्न निघाला की गुळवेलीचे नाव हटकून येते. २०२० च्या साथीत तर तिचे महत्त्व फारच वाढले. पण वेल लागल्यावर पुढे तिचे काय करावयाचे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचाच विचार आपण येथे करू.

गुळवेल आपल्याच मातीची. येऊरच्या जंगलात ती झाडाझाडांवर चढलेली दिसते. संस्कृतात तिला अमृता म्हणतात. तिचे दुसरे नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा उगवणारी. बागकाम करणाराने हे दुसरे नाव विशेष ध्यानात ठेवावे. वेल खाली तोडली तरी वरचा भाग लगेच मरत नाही. तो दोऱ्यासारखी मुळे खाली सोडतो आणि ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा जोम धरते.

ही लोंबती मुळे पाहून पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. ते खरे नव्हे. अमरवेल दुसऱ्या झाडाचा रस पिते. गुळवेल आपले अन्न स्वतःच्या मुळांनी व पानांनी मिळविते. मग तिच्याखाली झाड खंगते ते कशाने? ती रस घेत नसली तरी ऊन घेते. शेंड्यावर पसरलेली तिची हृदयाकृती पाने खालच्या पालवीला उन्हास मुकवितात. शिवाय पावसात भिजलेल्या वेलीचे ओझे वाऱ्यात फांदीला पेलत नाही, आणि दाट वस्तीत मोडलेली फांदी माणसांवरच पडावयाची.

म्हणून लहान झाडावर ती चढवूच नये. तिला तारेचा किंवा बांबूचा स्वतंत्र मांडव द्यावा. कडुनिंबावरची गुळवेल औषधास उत्तम मानतात. तो आग्रह असेल तर जुना, भक्कम वृक्ष निवडावा आणि वेल बुंध्यापुरतीच राखावी. लागवड पावसाच्या तोंडाशी करावी. बोटाएवढ्या जाड खोडाचा, दोन-तीन पेरांचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे खालचे टोक खालीच राहील असा लावावा. आपल्याकडे पाऊस मोठा. आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. या वेलीत नर व मादी वेगवेगळ्या असतात. नर वेलीचा फाटा लावला तर लाल फळे कधीच धरणार नाहीत. त्यात खताचा दोष नाही.

हिवाळा सरताना पाने झडून वेलीचा सांगाडा उघडा पडतो. छाटणीस हीच वेळ उत्तम. एक-दोन मुख्य खोडे ठेवून बाकीची काढावीत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला शेंडे खुडावेत आणि लोंबती मुळे जमिनीला टेकण्यापूर्वीच कापावीत. काढलेले तुकडे ओल्या मातीवर टाकू नयेत, तेथेच रुजतील. कडक उन्हात वाळवावेत. झाड आधीच वेढले गेले असेल तर वेल ओढू नये, फांद्या मोडतात. बुंध्याशी हातभर तुकडा कापून काढावा, वरची वेल सुकू द्यावी आणि पुढच्या पावसाळ्यात नवी मुळे उतरतात का, यावर नजर ठेवावी.

या वेलीचे मोल लहान नाही. याच ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषधी कंपन्यांना विकण्याचा उद्योग उभारला. २०२१ पर्यंत त्यांच्याकडे दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मागण्या आल्या. परंतु दारची वेल म्हणून रोज मनाने काढा घेणे वेगळे. गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या मुंबईतील सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ नये, असे बजावले. वाद काहीही असो, वेल ओळखून घ्यावी आणि वैद्याला विचारल्यावाचून पोटात घेऊ नये.

तुकडा रोवणे हे पाच मिनिटांचे काम; छाटणी मात्र वर्षानुवर्षांची. जेवढी आपल्या हाताने छाटता येईल, तेवढीच गुळवेल वाढवावी. म्हणजे वेलही नांदेल आणि तिला आधार देणारे झाडही जगेल.