जुना प्रोजेक्टर, नवी जोडणी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मराठी, हिंदी, मल्याळम, तमिळ बोलणारे ख्रिस्ती राहतात. त्यांच्या चर्चमध्ये पडद्यावरची गीतं शेवटच्या बाकावरच्या आजींनाही वाचता यायला हवीत. त्यासाठी चालू प्रोजेक्टर मोडीत काढायची गरज नाही.

● जोडणी : जुन्या प्रोजेक्टरचं १५ पिनांचं व्हीजीए १९८७ सालचं, ॲनालॉग; लॅपटॉपचं एचडीएमआय डिजिटल. मध्ये कन्व्हर्टर हवाच, नुसत्या पिना बदललेली वायर चालत नाही.

● अंतर : साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. माळ्यापासून वेदीपर्यंत कॅट-६ केबल ओढा, दोन्ही टोकांना एचडीबेसटी संच (एचडीएमआयचं चित्र कॅट-६ केबलवरून पाठवणारी जोडी) लावा. १०८० पी चित्र १०० मीटरपर्यंत जातं.

● आकार : १०२४ × ७६८ च्या प्रोजेक्टरवर १६:९ चित्र लावलं की उंचीच्या ५७६ ओळीच वापरल्या जातात, पाव पडदा काळा राहतो. गीतांच्या स्लाइड ४:३ मध्येच बनवा, अक्षरं मोठी येतात.

● अनेक पडदे : जुना-नवा प्रोजेक्टर एकाच स्प्लिटरवर असेल, तर दोघांना झेपेल तेच रिझोल्युशन ठेवा, नाहीतर जुन्याला स्केलर (रिझोल्युशन बदलून देणारं उपकरण) जोडा.

● काळा पडदा : कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ व्हीजीएवर बहुधा दिसत नाही. बिघाड शोधण्याआधी हे तपासा.

● वीज : दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही पंख्याने थंड व्हावा लागतो. मध्येच वीज गेली तर पंखा थांबतो, म्हणून यूपीएस लावा. पावसाळ्यात पिनांवर गंज चढतो, त्या पुसून घ्या.

पहिला खर्च चांगल्या केबलवर करा. उद्या प्रोजेक्टर बदलला तरी तीच कामी येईल.