तिन्हीसांजेनंतर मांजर घरातच

बिबट्याचा विषय निघाला की जुन्नर-आंबेगावात शेळ्या-कुत्र्यांची मोजदाद होते, मांजर मात्र कुणी मोजत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भक्ष्याच्या वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला, एकट्या कुत्र्यांचा ३९. मांजरंही त्यात होती.

बिबट्या उसात दडतो, म्हणून उसाला लागून घर असेल, तर मांजराला आत राहण्याची सवय लावाच. सुरुवात जेवणापासून करा. दुपारचं दूध-भाकरी कमी करून मुख्य खाणं अंधार पडायच्या आधी घरात द्या आणि दार लावा. पहिले काही दिवस ते दाराशी ओरडेल. त्या ओरडण्याला दार उघडलंत, तर ओरडलं की दार उघडतं एवढंच ते शिकेल. जुन्या घमेल्यात अंगणातलीच माती भरून कोपऱ्यात ठेवा, ओळखीच्या वासामुळे ते तिथेच जाईल. माती रोज बदला. खिडकीला जाळी, चढायला उंच फळी आणि निजण्याआधी दोरीशी थोडा खेळ हवाच. बोक्याचं भटकणं नसबंदीनंतर बरंच कमी होतं. रेबीजची लस चुकवू नका.

ऊसतोडणीत ठिपक्यांचं पिल्लू दिसलं, तर मांजराचं समजून घरी आणू नका. ते बिबट्याचं किंवा वाघाटी या छोट्या रानमांजराचं असू शकतं. त्याला तिथेच राहू द्या आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.