नर्सिंग प्रवेश : टक्केवारीचा हिशोब नीट समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलींचे पालक एकच प्रश्न विचारतात : "मुलीला ५९ टक्के पडले, प्रवेश मिळेल ना?" या प्रश्नाचे उत्तर निकालपत्रावर छापलेल्या एकूण टक्केवारीवरून देता येत नाही. ५९ टक्केवाली मुलगी अपात्र आणि ४५ टक्केवाली पात्र, असे होऊ शकते. नर्सिंग हा हमखास रोजगाराचा आणि मानाचा व्यवसाय आहे. मुंबईपासून आखाती देशांपर्यंत प्रशिक्षित नर्सला मागणी असते. पण हिशोब न समजल्यामुळे कुणाचे वर्ष वाया जाते, तर कुणी हक्काचा अर्जच भरत नाही. म्हणून आम्ही येथे हा हिशोब उदाहरणांसह मांडत आहोत.

प्रथम बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांच्या या पदवीचे नियम भारतीय परिचर्या परिषद म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. कौन्सिलच्या २०२१ साली लागू झालेल्या नियमांप्रमाणे उमेदवार विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण हवा. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के हवेत आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्के आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे.

यातील "मिळून" हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन विषयांचे मिळून ३०० गुण. त्याचे ४५ टक्के म्हणजे १३५ गुण, ४० टक्के म्हणजे १२० गुण. प्रत्येक विषयात वेगळे ४५ असलेच पाहिजेत असे नाही. प्रत्येकात उत्तीर्ण होऊन तिन्हींची बेरीज १३५ झाली की अट पूर्ण होते. मातृभाषा, गणित, भूगोल यांचे गुण या बेरजेत येत नाहीत. इंग्रजीचे गुणही येत नाहीत, तेथे फक्त उत्तीर्ण होणे पाहिले जाते.

आता दोन मुलींची निकालपत्रे शेजारी ठेवू. पहिलीला इंग्रजी ७१, उर्दू ८२, फिजिक्स ४१, केमिस्ट्री ४३, बायॉलॉजी ४८, भूगोल ६९ आहेत. एकूण ६०० पैकी ३५४, म्हणजे ५९ टक्के. पण तीन विषयांची बेरीज १३२, म्हणजे ४४ टक्के. अवघ्या ३ गुणांनी ती खुल्या वर्गातून अपात्र ठरते. दुसरीला इंग्रजी ४०, मराठी ४५, फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४२, बायॉलॉजी ५८, भूगोल ४७ आहेत. एकूण २७०, म्हणजे ४५ टक्के. मात्र तीन विषयांची बेरीज १३८, म्हणजे ४६ टक्के. ती पात्र आहे. घरच्यांनी एकूण टक्केवारी पाहून तिला अर्ज करू दिला नाही, तर नुकसान तिचेच.

१३४ गुणांचे ४४.६७ टक्के होतात. "हे ४५ च धरतील" असे कुणी सांगितले तरी त्या भरवशावर पैसे भरू नयेत. किमान अट म्हणजे किमान अट. एक-दोन गुणांनी संधी हुकत असेल तर बोर्डाने दिलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी आणि गरज वाटल्यास पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच बेरीज करून पाहावी.

पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षामार्फत सामायिक परीक्षा होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगविषयक कल या पाच भागांचे प्रत्येकी २० असे १०० गुण असतात. बारावीचे गुण दार उघडतात, रांगेतला क्रमांक ही परीक्षा ठरवते. येथे "पर्सेंटाइल" हा शब्द भेटतो. तो टक्केवारी नव्हे. समजा १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील ८,००० जणांचे गुण एका मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, तर तिचे पर्सेंटाइल ८०. प्रत्यक्षात तिला १०० पैकी ५२ गुणही असू शकतील. पर्सेंटाइल आपली जागा सांगते, आपले गुण नव्हे.

कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलींनी निराश होऊ नये. जी.एन.एम. या पदविकेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. तेथे एकूणात ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. म्हणजे येथे हिशोब उलटा झाला : सर्व विषयांची बेरीज धरली जाते आणि इंग्रजीचा गुण निर्णायक ठरतो. इंग्रजीत ३६ गुण घेऊन उत्तीर्ण झालेली मुलगी येथे अडू शकते.

प्रवेशानंतरही सरासरी पाठ सोडत नाही. नव्या अभ्यासक्रमात आठ सत्रे असून निकाल श्रेणी आणि क्रेडिटवर लागतो. प्रत्येक विषयाचा श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सर्वांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. एका विषयाला ६ क्रेडिट व श्रेणीगुण ८, दुसऱ्याला ४ क्रेडिट व ६, तिसऱ्याला २ क्रेडिट व ९ असतील तर ४८, २४ आणि १८ मिळून ९० होतात. त्याला १२ ने भागले की ७.५. नुसती ८, ६, ९ ची सरासरी काढली तर ७.६७ येते, पण ती चूक. जास्त क्रेडिटचा विषय सरासरीला जास्त ओढतो, म्हणून अभ्यासाचा वेळही त्याच प्रमाणात वाटावा.

पुढे एम.एस्सी. नर्सिंगला पदवीत किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागितला जातो. त्यासाठी श्रेणीचे टक्के करताना बाजारात फिरणारी सूत्रे वापरू नयेत. सरासरीला ९.५ ने गुणण्याचे सूत्र सीबीएसईने दहावीच्या जुन्या श्रेणीपद्धतीसाठी दिले होते, नर्सिंग पदवीशी त्याचा संबंध नाही. आपल्या विद्यापीठाकडून गुणांची अधिकृत प्रत घ्यावी, तीच ग्राह्य धरली जाते. परदेशी अर्ज करणाऱ्यांनी ही प्रत पहिल्या वर्षापासून जपून ठेवावी.

शेवटी पैशाचा मुद्दा. "टक्के कमी असले तरी जागा देतो" असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे दलाल दर हंगामात भेटतात. संस्थेने वर्गात बसवले तरी विद्यापीठाने पात्रता नाकारली तर फी आणि वर्ष दोन्ही जातात. म्हणून रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर पाहाव्यात : तीन विषयांची आपली बेरीज, त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतील आपल्या प्रवर्गाची अट आणि संस्थेची चालू वर्षाची मान्यता. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पावती घेऊन पैसे भरावेत.