संगणक जालक अभिकल्प

एखाद्या संस्थेतील संगणक, मुद्रक, दूरध्वनी संच इ. यंत्रे परस्परांशी जोडून त्यांमध्ये माहितीची देवघेव घडवून आणणाऱ्या व्यवस्थेस संगणक जालक म्हणतात. तिची रचना उभारणीपूर्वी ठरविणे म्हणजे जालक अभिकल्प होय. याची दोन अंगे आहेत. कोणत्या विभागाने कोणाशी संपर्क साधावयाचा, कोणत्या यंत्रास कोणता पत्ता द्यावयाचा, माहितीचा मार्ग कसा निवडावयाचा आणि कोणास कोठे अटकाव करावयाचा, हे तार्किक अभिकल्पात ठरते. तारा कोणत्या चरातून न्यावयाच्या, यंत्रे कोणत्या मजल्यावर ठेवावयाची, त्यांना वीज व थंडावा कसा पुरवावयाचा, हा भौतिक अभिकल्पाचा विषय आहे. तार्किक अभिकल्प आधी व भौतिक नंतर, असा क्रम सामान्यतः सांगितला जातो. गरज निश्चित झाल्याखेरीज यंत्रे खरेदी करू नयेत, हे त्यामागील कारण योग्यच आहे. तथापि पहिला आराखडा पूर्ण झाला म्हणून तो मिटवून ठेवणे धोक्याचे असते कारण जागा, रस्ते आणि पाऊस त्यात फेरफार करावयास लावतात. मुंबईच्या उपनगरांत याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो.

भारतातील शैक्षणिक व संशोधन जालकाचा (अर्नेटचा) आरंभ या दृष्टीने बोधप्रद आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ही योजना हाती घेतली. तीत पाच भारतीय तंत्रविद्या संस्था (त्यांतील एक पवई येथील), बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता. या केंद्राची स्थापना १९८५ मध्ये झाली. पुढे ते जुहू येथे होते व कालांतराने सी-डॅक या संस्थेत विलीन झाले. त्या काळी अखंड चालू राहणाऱ्या जोडण्या दुर्मिळ असल्याने एका संगणकाने दुसऱ्याचा दूरध्वनी क्रमांक फिरवावा, साठलेली पत्रे त्याच्या हवाली करावीत व जोडणी सोडून द्यावी, अशी पद्धत प्रथम स्वीकारण्यात आली. टपालाच्या थैलीसारखी ही ‘साठवा आणि पुढे पाठवा’ रचना तार्किक असली, तरी तिचे स्वरूप दूरध्वनी तारांच्या अवस्थेने ठरविले होते. १९९० मध्ये जालकास १४४.१६ ने सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा गट मिळाला. १९९२ पर्यंत प्रमुख संस्था सेकंदास ९,६०० बिट वेगाच्या भाड्याच्या तारांनी जोडल्या गेल्या. भौतिक पाया सुधारल्यावरच समोरासमोर संवाद साधणारी तार्किक रचना व्यवहारात उतरू शकली.

दोन अंगांतील विसंगती कशी निर्माण होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका सहकारी बँकेचे मुख्य संगणक केंद्र अंधेरीस असून बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे तिच्या शाखा आहेत. एक तार तुटली तरी काम थांबू नये म्हणून अंधेरी–बोरिवली–मुलुंड–घाटकोपर–अंधेरी असे कडे आखले जाते. कड्यातील प्रत्येक ठिकाणास दोन वाटा असतात आणि एक बंद पडताच मार्ग ठरविणारी यंत्रे (राऊटर) काही सेकंदांत दुसरी वाट धरतात. कागदावर ही रचना निर्दोष आहे.

जमिनीवर मात्र बोरिवली व मुलुंड यांच्यामध्ये सु. १०३ चौ. किमी. विस्ताराचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्यातून तारमार्ग सहजासहजी नेता येत नाही आणि कान्हेरीच्या टेकड्यांमुळे बिनतारी जोडणीस आवश्यक अशी सरळ दृष्टिरेषाही मिळत नाही. त्यामुळे बोरिवली–मुलुंड तार बहुधा पश्चिम द्रुतगती महामार्गाने दक्षिणेस जोगेश्वरीपर्यंत येते, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने पवईमार्गे पूर्वेस जाते आणि लालबहादूर शास्त्री मार्गाने पुन्हा उत्तरेस मुलुंडकडे वळते. बोरिवली–अंधेरी तारही त्याच महामार्गाने जात असेल व मुलुंड–घाटकोपर तारही त्याच शास्त्री मार्गाने, तर कडे उरतच नाही. उरतो तो दक्षिणेकडील एक चौकोन व त्याला जोडलेली उत्तरेची दोन शेपटे. कांदिवलीस खोदकाम करणाऱ्या यंत्राचा एक फटका बसला की बोरिवलीच्या दोन्ही वाटा एकदम बंद पडतात. खिडकीशी उभ्या असलेल्या ठेवीदारास स्वतःचे पैसे काढता येत नाहीत, आणि आराखडा पाहणाऱ्या अधिकाऱ्यास हे का घडले याचा उलगडा होत नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून तारा भाड्याने घेतल्या म्हणजे प्रश्न सुटला, अशी समजूत आढळते. तीही फसवी आहे कारण दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच नळीतून गेलेल्या असू शकतात. म्हणून करार करताना तारेच्या प्रत्यक्ष मार्गाचा नकाशा मागणे अगत्याचे ठरते.

यावर उपाय आहेत. बोरिवलीची एक तार महामार्गाने व दुसरी स्वामी विवेकानंद मार्गाने न्यावी, हा तुलनेने स्वस्त पर्याय होय. खरे कडे हवे असल्यास बोरिवलीहून उत्तरेस काशीमिरा, तेथून घोडबंदर रस्त्याने ठाणे व मग मुलुंड असा उद्यानाला वळसा घालणारा मार्ग घ्यावा लागतो. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लक्ष किमी. जातो त्यामुळे वळशाने होणारा विलंब नगण्य असतो. वाढतो तो खर्च. उद्यानाखालून जाणाऱ्या गोरेगाव–मुलुंड व ठाणे–बोरिवली या बोगद्यांची कामे हाती घेण्यात आली असून त्यांमुळे नवे तारमार्ग उपलब्ध होण्याची शक्यता आहे.

इमारतीच्या आतही हाच नियम लागू पडतो. लेखा विभाग, अभ्यागत व पहारा-कॅमेरे यांची आभासी जालके वेगळी केली, तरी ती एकाच स्विच-यंत्रावर असतील तर ते बंद पडताच सर्व एकदम बंद पडतात. तार्किक विभाजनाने गोपनीयता साधते, टिकाऊपणा नव्हे. पत्त्यांचे वाटप शाखावार सलग गटांनी केल्यास मार्गांच्या याद्या आटोपशीर राहतात आणि नवी शाखा उघडताना जुन्यांना हात लावावा लागत नाही. पिळाच्या तांब्याच्या तारेची मर्यादा सु. १०० मी. असल्याने मोठ्या इमारतीत ठराविक अंतरावर जोडणी-कक्ष ठेवतात.

मुख्य यंत्रकक्षासाठी तळमजला किंवा तळघर निवडण्याचा मोह होतो कारण तेथील जागेस मागणी कमी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व उपनगरांचे विस्तीर्ण भाग पाण्याखाली गेले. त्या अनुभवानंतर अशी निवड समर्थनीय ठरत नाही. कक्ष वरच्या मजल्यावर व जनित्र मात्र तळघरात, ही तडजोड तितकीच निरुपयोगी असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा वेळी विद्युत् घटमाला किती तास पुरतील, हा प्रश्न संस्थेच्या सर्व शाखांना एकाच वेळी भेडसावतो.

पावसाळ्यात रस्ते खोदण्यास महानगरपालिका सामान्यतः परवानगी देत नाही. त्यामुळे नव्या शाखेची तार मे महिन्यापूर्वी टाकून झाली नाही, तर पुढील काही महिने बिनतारी जोडणीवर भागवावे लागते. सु. १० गिगाहर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणून अशा तात्पुरत्या जोडणीसाठी शक्यतो कमी कंप्रता निवडतात व मनोऱ्यांमधील अंतर कमी ठेवतात.