लॅपटॉप : जुना जाडजूड कीं नवा पातळ?

दौंड आणि शिरूर हे पुणें जिल्ह्यांतील शेजारशेजारचे तालुके. दौंड हें रेल्वेचें जंक्शन. शिरूर गांवीं मात्र रेल्वे नाहीं, तेथील ये-जा पुणें-अहिल्यानगर रस्त्यावरून चालते. या दोन गांवांतील दोन घरें डोळ्यांसमोर आणावीं. दोन्ही घरची मुलगी यंदा कॉलेजांत गेली आहे, आणि लॅपटॉपासाठीं एकदांच खर्चितां येईल एवढीच रक्कम वडिलांपाशीं आहे. वापरलेला, जाडजूड पण उघडून सुधारतां येणारा घ्यावा, कीं नवा, पातळ व देखणा?

खरा भेद पोटांतील रचनेचा आहे. २०१८ सालीं निघालेला लेनोव्होचा थिंकपॅड टी-४८० पाहावा. त्याचें तळचें झांकण स्क्रू सैल करून निघतें. आंत रॅमसाठीं दोन खांचा असून ३२ जीबीपर्यंत रॅम बसते. मागची बॅटरी तर यंत्र चालू असतांनाच बदलतां येते, कारण आंत दुसरी बॅटरी असते. उलट २०२० सालचा ॲपलचा एम-१ मॅकबुक एअर वजनानें अवघा १.२९ किलो; त्यांत पंखा नाहीं आणि बॅटरीही पुष्कळ वेळ टिकते. परंतु त्याची रॅम प्रोसेसराशेजारीं कायमची जडलेली असते. असें करण्यास कारण आहे. दोहोंमधील अंतर घटलें, म्हणजे वीज कमी लागते, वेग वाढतो आणि जागाही वांचते. मात्र खरेदीच्या दिवशीं जेवढी रॅम घेतली, तेवढीच अखेरपर्यंत राहते.

जुन्या यंत्रासही मर्यादा आहेतच. रॅम वाढविली तरी प्रोसेसर जुनाच राहतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा लागतो. तेव्हां स्वस्ताईस भुलण्यापूर्वीं प्रोसेसराची पिढी पाहावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास तें यंत्र घेऊंच नये.

आतां निवड सोपी होते. दौंडची मुलगी रोज गर्दीच्या गाडीनें पुण्यास जात असेल, तर खांद्यावरचा प्रत्येक पाव किलो तिला जाणवेल. तिला पातळ यंत्र शोभेल; परंतु रॅम आरंभींच १६ जीबी घ्यावी, आणि कॉलेजास लागणारे प्रोग्राम त्यावर चालतात कीं नाहीं, हें आधीं विचारून ठेवावें. शिरूरची मुलगी बहुतेक काम घरच्या टेबलावर करीत असेल, तर तिला जाडी नडणार नाहीं. यंदा एसएसडी, पुढल्या वर्षीं रॅम, मग बॅटरी, असा खर्च घराच्या ऐपतीप्रमाणें हप्त्याहप्त्यानें करतां येईल.

दुकानाची पायरी चढतांना दोनच प्रश्न मनांत असावेत : यांतील काय पुढें बदलतां येईल? आणि जें बदलतां येणार नाहीं, तें आजच पुरेसें आहे काय?