चकचकीत छायाचित्रांचे स्कॅनिंग : काचेच्या स्पर्शाचे डाग

क्षेत्रीय अभ्यासात बोलीच्या नमुन्यांबरोबर घरोघरची जुनी छायाचित्रेही हाती येतात. चकचकीत कागदावरील छायाचित्र स्कॅन केले, की त्यात पुष्कळदा ओलसर भासणारे डाग किंवा रंगीत वलये दिसतात. विद्यार्थी त्यांना धूळ समजून काच पुसत राहतात. पुसल्याने ती जात नाहीत. छायाचित्र उचलून पुन्हा ठेवले, की त्यांचा आकार मात्र बदलतो. हीच त्यांची ओळख.

गुळगुळीत पृष्ठभाग काचेला काही ठिकाणी टेकतो, तर काही ठिकाणी मध्ये हवेचा अतिशय पातळ थर उरतो. या थराच्या दोन्ही सीमांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे व्यतिकरण होऊन ‘न्यूटनची वलये’ उमटतात. झाकण दाबून धरणे म्हणूनच निरुपयोगी. त्याने स्पर्श वाढतो.

पातळ पुठ्ठ्याची चौकट काचेवर ठेवून छायाचित्राच्या फक्त पांढऱ्या कडा तिच्यावर टेकवाव्यात. यासाठी सीसीडी प्रकारचा स्कॅनर हवा. सीआयएस प्रकारच्या चपट्या स्कॅनरला काचेपासून किंचित उचललेले चित्रही अस्पष्ट दिसते.

दमट हवेत छायाचित्रावरील जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटते. कोकणातील एका घरी तसबिरीतून छायाचित्र सोडवण्याची घाई मी केली आणि त्या घरच्या पणजीचा अर्धा चेहरा काचेलाच राहिला. दुसरे छायाचित्र त्यांच्याकडे नव्हते. अशी तसबीर न उघडता, दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश देऊन, काचेसहच कॅमेऱ्याने टिपावी.